मंजुरी आहे, म्हणून प्रश्न मिटला का?

वाचकाच्या पत्राचा सारांश

खानदेशातील एका फार्मसी महाविद्यालयात औषधशास्त्र विषय घेऊन एम. फार्म. करणाऱ्या विद्यार्थिनीचे हे पत्र आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, महाविद्यालय आणि संशोधनातील वनस्पती यांची नावे गाळली आहेत. त्या लिहितात: "आमची केळी-कापसाची शेती आहे. वडिलांना मधुमेह आहे, ते रोज इन्सुलिन घेतात. म्हणून मधुमेहावरच्या औषधाचा विषय मी आनंदाने निवडला. सातपुड्यातल्या एका वनस्पतीच्या पानांचा अर्क देऊन मधुमेही उंदरांची रक्तशर्करा उतरते का, हे पाहायचे आहे. तीस उंदीर, पाच गट, अठ्ठावीस दिवस, आणि शेवटी सगळ्यांना मारून स्वादुपिंड तपासायचे, असा प्रस्ताव आहे. महाविद्यालयाच्या प्राणी आचारसमितीची मंजुरीही मिळाली आहे. मागच्या वर्षी मी एका सीनियरला तिच्या प्रयोगात मदत केली होती. उंदरांना मधुमेह व्हावा म्हणून स्ट्रेप्टोझोटोसिनचे इंजेक्शन दिले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पिंजऱ्यांत पाच उंदीर मरून पडलेले होते. सरांनी त्यांच्या जागी दुसरे घ्यायला लावले आणि प्रबंधात मेलेल्यांचा उल्लेख नको, असे सांगितले. तेव्हापासून मला झोप लागत नाही. आई माळकरी आहे. तिला मी 'औषधांची तपासणी करते' एवढेच सांगितले आहे. सर म्हणतात, 'कायदेशीर परवानगी आहे, आणि तुमच्या शेतात उंदीर मारतच असतील ना?' यावर मला उत्तर सुचत नाही. हे पाप आहे का? विषय सोडला तर वर्ष आणि फी, दोन्ही जाईल. आणि राहायचे ठरवले, तर विद्यार्थिनीने बोलायचे तरी किती?"

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

पाप-पुण्याचा निवाडा करण्याचा अधिकार या सदराला नाही, आणि तो मी करणारही नाही. मात्र तुमचे पत्र पुन्हा वाचताना असे जाणवले की, तुमच्या मनात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत: प्रयोगासाठी प्राण्याचा जीव घेणे, मेलेल्या प्राण्यांची नोंद न करणे, आणि आईपासून हे सारे लपवणे. पहिल्या गोष्टीबाबत विचारी माणसांत प्रामाणिक मतभेद असू शकतात, आणि शंभर वर्षांहून अधिक काळ ते आहेत. दुसरीबाबत मतभेदाला जागाच नाही. तिसरी सर्वस्वी तुमच्या हातात आहे. तिन्हींचा भार एकाच प्रश्नावर टाकल्यामुळे 'सोडू की राहू' एवढेच दोन रस्ते तुम्हाला दिसत आहेत.

त्या पाच उंदरांपासून सुरुवात करतो, कारण तुमची झोप त्यांनी उडवली आहे आणि त्यांच्याविषयीची तुमची समजूत मला अपुरी वाटते. विज्ञानाला द्यावी लागणारी ही अटळ किंमत आहे, असे तुम्ही गृहीत धरले आहे. स्ट्रेप्टोझोटोसिन स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते. पेशी नष्ट होताना त्यांच्यात साठलेले इन्सुलिन एकदम रक्तात उतरते, आणि त्यामुळे मधुमेह होण्याआधी, पहिल्या काही तासांत, उंदराची साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. पहिल्याच रात्री मरणारे उंदीर बहुधा मधुमेहाने मरत नाहीत. साखर घसरल्यामुळे मरतात. म्हणूनच जाणकार प्रयोगशाळांत इंजेक्शननंतर निदान पहिली रात्र उंदरांना साध्या पाण्याऐवजी ग्लुकोजचे पाणी ठेवतात. द्रावण ताजे केलेले नसणे, वजनानुसार मात्रा काटेकोर न मोजणे, ही कारणेही असू शकतात. तुमच्या सीनियरच्या प्रयोगात नेमके काय चुकले, हे इथे बसून सांगता येणार नाही. पण असे मृत्यू बऱ्याच अंशी टाळता येतात. त्यामुळे 'प्राण्यांवर प्रयोग करावेत का' हा मोठा प्रश्न सुटेपर्यंत थांबायची गरज नाही. त्याआधी 'हे उंदीर कशाने मेले' हा छोटा प्रश्न विचारायला हवा होता. तो कोणी विचारला नाही, आणि वरून नोंदही पुसली. आता पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याच्या पिंजऱ्यातही सकाळी हेच दिसण्याची शक्यता आहे.

आता तुमच्या सरांच्या पहिल्या युक्तिवादाकडे वळू. कायदेशीर परवानगी आहे, हे खरे. पण कायदा काय म्हणतो, हे त्यांनी तुम्हाला पूर्ण सांगितलेले दिसत नाही. नृत्यांगना आणि राज्यसभेच्या सदस्य रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९५० च्या दशकात प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध खासगी विधेयक मांडले. सरकार स्वतः कायदा आणील, असे आश्वासन पंडित नेहरूंनी दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले आणि त्यातून १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम झाला. त्याच्या कलम १४ ने शरीरशास्त्राचे नवे ज्ञान मिळवण्यासाठी किंवा जीव वाचवणे, वेदना कमी करणे, रोगाशी लढणे यांसाठी उपयोगी पडेल अशा ज्ञानासाठी प्रयोगांना मुभा दिली. पण कलम १७ ने तिला अटी घातल्या. प्रयोग काळजीने आणि माणुसकीने व्हावेत. शस्त्रक्रिया शक्यतो भूल देऊन व्हाव्यात. भूल दिलेल्या प्राण्याला अशी इजा झाली की शुद्धीवर आल्यावर त्याला तीव्र यातनाच होतील, तर तो बेशुद्ध असतानाच त्याचा शेवट करावा. पुस्तके, प्रतिकृती, चित्रफिती यांनी भागत असेल तेथे प्रयोग टाळावेत. केवळ हात बसावा म्हणून शक्यतो प्रयोग करू नयेत. या अटी कागदावरून प्रयोगशाळेत उतरण्यासाठी आवश्यक असलेले, आज लागू असलेले तपशीलवार नियम यायला मात्र १९९८ उजाडावे लागले. संस्थांतर्गत प्राणी आचारसमिती त्या नियमांतून आली. तिच्यात शास्त्रज्ञांबरोबर पशुवैद्य, संस्थेबाहेरचा एक शास्त्रज्ञ, विज्ञानक्षेत्राबाहेरचा सामाजिक भान असलेला एक सदस्य आणि प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय समितीचा प्रतिनिधी असतो. ही केंद्रीय समिती पूर्वी सीपीसीएसईए या नावाने ओळखली जाई. आता तिला सीसीएसईए म्हणतात.

या व्यवस्थेने पुष्कळ चांगले केले, हे नि:संशय. पण मंजुरीचा अर्थ एवढाच की, तुम्ही 'ब' नमुन्यातील अर्जात जे लिहून दिले ते समितीला मान्य झाले. तुमचा प्रयोग करण्याजोगा आहे का, याचा संपूर्ण विचार समितीने तुमच्या वतीने केला, असा अर्थ त्यातून निघत नाही. एकाच दुपारी ढीगभर प्रस्ताव पाहणाऱ्या समितीकडून तशी अपेक्षाही धरता येत नाही. मंजुरी ही शर्तींसह मिळते, हेही विसरू नये. तीस उंदरांची परवानगी म्हणजे तीसच. पाच मेले म्हणून परस्पर पाच आणता येत नाहीत. त्यासाठी पुन्हा समितीपुढे जावे लागते. आणि कायद्याच्या धाकाविषयी बोलायचे, तर १९६० च्या मूळ अधिनियमात केंद्रीय समितीच्या शर्ती मोडणाऱ्यासाठी दंडाची कमाल रक्कम २०० रुपये ठेवली होती. एवढ्या दंडाच्या भीतीने कोणाची सचोटी टिकत नसते. ती टिकते ती पिंजऱ्याजवळ उभ्या असलेल्या माणसामुळे, आणि तुमच्या बाबतीत तो माणूस तुम्ही आहात.

शेतातल्या उंदरांचा दाखला ऐकायला बिनतोड वाटतो, पण तो टिकत नाही. शेतातला उंदीर स्वतंत्र असतो. तो आपल्या धान्यावर येतो आणि आपण त्याला हाकलतो किंवा मारतो. झिंक फॉस्फाइडचे आमिष खाऊन येणारे मरणही काही सुखाचे नसते, आणि त्याबद्दल शेतकऱ्याने विचार करू नये असे मी म्हणणार नाही. पण प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर आपणच जन्माला घातलेला असतो. त्याचे अन्न, पाणी, उजेड, अंधार, शेजारी आणि आजारसुद्धा आपण ठरवतो. ज्याच्या आयुष्यात स्वतःचे म्हणून काहीच उरलेले नाही, त्याच्याबाबतची आपली जबाबदारी शेतातल्या उंदरापेक्षा कितीतरी अधिक असते. एका ठिकाणी आपण निष्काळजी आहोत, म्हणून दुसऱ्या ठिकाणीही तसेच वागण्याची मोकळीक मिळत नाही, एवढे उत्तर सरांना आदराने देता येईल. किंवा मनातल्या मनात दिले तरी चालेल.

आता थोडे तुमच्या बाजूच्या गृहीतकाविषयी. विषय सोडला की आपले हात स्वच्छ राहतील, असे तुम्हाला वाटते आहे. वडील घेतात ते इन्सुलिन १९२१ मध्ये टोरांटोतील प्रयोगशाळेत कुत्र्यांवरील प्रयोगांतून हाती आले. त्या कुत्र्यांची स्वादुपिंडे काढून त्यांना मधुमेही केले होते. जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्यांदा एका किशोरवयीन रुग्णाला दिले गेले, आणि पुढची साठ वर्षे ते गुरांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडांतून काढले जात होते. जिवाणूंकडून तयार करून घेतलेले मानवी इन्सुलिन बाजारात आले ते १९८२ नंतर. केळीच्या बागेत किंवा कापसाच्या वेचणीत नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांपैकी एखादा चावला, तर सरकारी दवाखान्यात मिळणारे प्रतिविष घोड्यांच्या शरीरात थोडे थोडे विष टोचून त्यांच्या रक्तापासून बनवतात, आणि प्रत्येक खेपेची ताकद छोट्या पांढऱ्या उंदरांवर तपासतात. आपल्या भागात असे घर क्वचितच असेल, की जिथे या प्राण्यांचे काही देणे नाही. सुई ज्याच्या हातात, दोष त्याचा, असे मानले तर बाकीचे सगळे मोकळे सुटतात: प्राण्यांवरच्या आकडेवारीशिवाय प्रबंधाला वजन नाही असे मानणारे परीक्षक, तीच आकडेवारी मागणारी नियतकालिके, आणि औषध घेणारे आपण सारे.

हे वाचून 'मग निमूटपणे करत राहावे' असा निष्कर्ष कृपा करून काढू नका. कुत्र्यांमुळे इन्सुलिन मिळाले म्हणून आजचा प्रत्येक प्रयोग योग्य ठरत नाही. त्या यशाचा हवाला देऊन किरकोळ, निष्काळजी आणि निरुपयोगी प्रयोग खपवले जातात, हा माझा मोठा आक्षेप आहे. प्राण्यात चालले म्हणून माणसात चालते असेही नाही. २००६ मध्ये लंडनमध्ये टीजीएन १४१२ हे औषध माकडांत सुरक्षित दिसूनही पहिल्यांदाच ते घेतलेले सहा स्वयंसेवक काही तासांत अत्यवस्थ झाले होते. तेव्हा प्रश्न विचारायचा तो सर्व प्राणिप्रयोगांविषयी नव्हे. तुमच्या या तीस उंदरांविषयी विचारायचा. त्यांच्याकडून जे कळणार आहे, ते जाणून घेण्याजोगे आहे का? ते आधीच कुणाला कळलेले आहे का? आणि या पद्धतीने ते कळू तरी शकते का?

मधल्या प्रश्नाचे उत्तर तुम्हीच शोधायचे आहे, आणि तेही पहिल्या पिंजऱ्यात उंदीर येण्याआधी. जांभूळ, मेथी, कारले, गुळवेल यांचे अर्क मधुमेही उंदरांना देऊन साखर उतरल्याचे निबंध इतके झाले आहेत की त्यांत आणखी एकाची भर घालून कोणाही रुग्णाचा फायदा होण्याची शक्यता फार थोडी. तुमच्या वनस्पतीवर असे काम झाले असेल, तर 'पान ऐवजी साल' किंवा 'पाणी ऐवजी अल्कोहोल' एवढ्या फरकासाठी तीस जीव घेणे मला पटत नाही, आणि असा प्रस्ताव मंजूर झाला असला तरी पटत नाही. नसेल, आणि पाड्यांवरचे वैदू ती खरोखरच मधुमेहासाठी देत असतील, तर तिची तपासणी होणे रास्त आहे. कारण लोक ती आजही घेत आहेत, आणि न तपासलेले औषध माणसांवर वापरत राहणे हाही एक प्रयोगच आहे, फक्त तो कोणत्याही समितीपुढे येत नाही.

तिसरा प्रश्न अधिक तांत्रिक आहे, पण नीतीचा बराचसा भाग तिथेच दडलेला असतो. स्ट्रेप्टोझोटोसिनची एकच मोठी मात्रा दिल्यावर बीटा पेशी जवळपास संपतात. ही अवस्था लहान वयात होणाऱ्या, इन्सुलिनच न बनणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहाशी मिळतीजुळती असते. गावोगावी चाळिशीनंतर दिसणारा मधुमेह बहुतांशी दुसऱ्या प्रकारचा. त्यात इन्सुलिन असते, पण शरीर त्याला नीट दाद देत नाही. वैदू ज्यासाठी पाला देतो तो मधुमेह एक आणि तुम्ही उंदरात निर्माण करणार तो दुसराच, असे झाले तर उत्तर 'हो' आले काय आणि 'नाही' आले काय, त्यातून फारसे काही कळणार नाही. मोहालीच्या नायपर या औषधशास्त्राच्या राष्ट्रीय संस्थेतील संशोधकांनी २००५ मध्ये स्निग्ध आहार आणि स्ट्रेप्टोझोटोसिनची लहान मात्रा यांची सांगड घालणारी पद्धत प्रसिद्ध केली. ती दुसऱ्या प्रकाराच्या अधिक जवळ जाते. ती तुमच्या प्रश्नाला लागू पडते का, यावर मार्गदर्शकांशी जरूर चर्चा करा. चुकीच्या नमुन्यावर अत्यंत दयाळूपणे केलेला प्रयोगसुद्धा त्या उंदरांचा अपव्ययच ठरतो.

संख्येविषयीही बोलायला हवे, कारण 'प्रत्येक गटात सहा' हा आकडा आपल्याकडे जणू परंपरेने आला आहे. रसेल आणि बर्च या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये तीन तत्त्वे मांडली: शक्य तेथे प्राण्याला पर्याय शोधा, संख्या कमी करा, आणि पद्धत कमी त्रासाची करा. भारतातील नियामक त्यांत प्रयोगानंतरचे पुनर्वसन हे चौथे तत्त्व जोडतात. संख्येसाठी सर्वांत चांगला मार्ग म्हणजे संख्याशास्त्रज्ञाकडून रीतसर गणित करून घेणे. ते जमत नसेल तेव्हा वापरला जाणारा एक ठोकताळा असा: एकूण प्राण्यांच्या संख्येतून गटांची संख्या वजा करावी, उत्तर १० ते २० च्या दरम्यान आले, तर संख्या पुरेशी आहे. तुमचे तीस वजा पाच म्हणजे पंचवीस. गटात पाच उंदीर घेतले, तर पंचवीस वजा पाच, म्हणजे वीस. उलट बाजूही ध्यानात ठेवा: दयेपोटी संख्या इतकी घटवली की फरक दिसणारच नाही, तर वापरलेले सगळेच उंदीर वाया जातात.

याहून मोठी बचत दुसऱ्या मार्गाने होते आणि ती क्वचितच कोणी करतो. एकाच विभागात दोन विद्यार्थी दोन वनस्पतींवर मधुमेहाचेच काम करत असतील, तर दोघेही निरोगी गट, औषध न दिलेला मधुमेही गट आणि ग्लिबेनक्लामाइडसारखे प्रस्थापित औषध दिलेला गट असे तीन गट वेगवेगळे ठेवतात. दोघांचे मिळून साठ उंदीर होतात. हे तीन गट सामाईक ठेवले, प्रयोग एकाच वेळी केला आणि सर्व उंदरांची गटांत विभागणी चिठ्ठ्या टाकून केली, तर बेचाळिसांत काम होते. समितीची संमती त्यासाठी आधी घ्यावी लागेल आणि दोन मार्गदर्शकांना एकमेकांशी बोलावे लागेल. (दुसरी अट पहिलीपेक्षा अवघड आहे, याची मला कल्पना आहे.)

एवढे सगळे तपासूनही तुमचे मन तयार झाले नाही, तर विषय बदलण्याची विनंती करणे हा कमकुवतपणा नाही. वर्ष जाईलच असेही नाही; सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे प्रबंधाच्या मंजूर आराखड्यात, बदल करून घेण्याची सोय आहे का, हे विभागप्रमुखांना लेखी विचारा. पिष्टाचे पचन करणाऱ्या विकरांना अर्क रोखतो का, हे परीक्षानळीत पाहता येते. अकार्बोज हे प्रचलित औषध याच मार्गाने काम करते. पेशी-संवर्धनाची सोय असलेल्या संस्थेत स्नायूंच्या पेशी ग्लुकोज किती उचलतात, हे तपासता येते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून पेशींच्या जाती मिळतात. मात्र पेशी वाढवण्यासाठी सर्रास वापरला जाणारा रक्तद्रव गायीच्या गर्भातील वासरापासून घेतलेला असतो, हे माहीत असू द्या, म्हणजे पुढे ते कळल्यावर पुन्हा झोप उडणार नाही. तिसरा मार्ग मला स्वतःला अधिक आवडतो: ग्रामीण भागातले मधुमेही रुग्ण औषधे नियमित घेतात का, इन्सुलिन कुठे आणि कसे ठेवतात, त्यासोबत कोणता झाडपाला घेतात, याचा रुग्णालयात बसून केलेला अभ्यास. त्यासाठी माणसांवरील संशोधनाच्या आचारसमितीची परवानगी लागते. जिथे पारा पंचेचाळिशीजवळ जातो आणि वीज कधी जाईल सांगता येत नाही, तिथे इन्सुलिन कसे टिकते हा प्रश्न आणखी एका अर्कापेक्षा कमी मोलाचा नाही.

राहायचे ठरवलेत, तर मात्र पिंजऱ्याजवळची छोटी कामे स्वतःकडे घ्या. उंदीर येताच आठवडाभर रोज हातात घेऊन त्यांना माणसाची सवय लावा. घाबरलेल्या उंदराची साखर ताणामुळेही चढते आणि तुमचा आकडाच खोटा येतो. मधुमेही उंदीर पाणी फार पितो आणि फार लघवी करतो, म्हणून त्याचा भुसा रोज बदलावा लागतो. निरोगी उंदरांच्या वेळापत्रकावर त्याला ठेवणे म्हणजे अठ्ठावीस दिवस ओल्यात ठेवणे. साखर शेपटीच्या टोकाच्या एका थेंबावर ग्लुकोमीटरने मोजता येते. डोळ्यामागून रक्त काढायचेच असेल, तर भूल दिल्याशिवाय नाही. वजन रोज लिहा आणि कोणत्या टप्प्यावर एखाद्या उंदराला प्रयोगातून काढून वेदनारहित मरण द्यायचे, हे पशुवैद्यांशी बोलून आधीच ठरवा. वजनात वीस टक्क्यांची घट हा निकष अनेक ठिकाणी धरतात. शेवटचा दिवस सीनियर विद्यार्थ्यावर सोपवू नका. नीट शिकून घ्या आणि एका उंदराचे मरण दुसऱ्याला दिसणार नाही, अशी व्यवस्था करा.

खानदेशात यांत एक भर घालावी लागते, ती उन्हाळ्याची. केंद्रीय समितीच्या मार्गदर्शक सूचनांत पशुगृहाचे तापमान १८ ते २९ अंश सेल्सिअस सांगितले आहे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात बाहेर जे असते, ते पाहता वातानुकूलन एक दुपार बंद पडले तरी आत काय होईल ते वेगळे सांगायला नको. तुमच्या पशुगृहाला जनरेटर आहे का, रविवारी रात्री वीज गेली तर कोणाला फोन जातो, हे विचारा. समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर प्रयोग दिवाळीनंतर ठेवा.

आता न नोंदवलेल्या मृत्यूंविषयी. याबाबत मी मोघम बोलणार नाही. किती प्राणी घेतले, किती मेले, कशाने मेले आणि विश्लेषणातून कोणते वगळले, हे लिहिणे संशोधनाच्या सचोटीचा भाग आहे. प्राण्यांवरील संशोधन कसे लिहावे हे सांगणाऱ्या, २०१० पासून प्रचारात असलेल्या 'अराइव्ह' मार्गदर्शक तत्त्वांतही ते स्पष्ट मागितले आहे. पाच मृत्यू लपवले की अर्कामुळे मृत्यू झाले की इंजेक्शनमुळे, हे वाचणाऱ्याला कधीच कळत नाही. सीनियरच्या प्रबंधाचे काय करायचे, हा तिचा आणि सरांचा प्रश्न आहे. तुम्ही पाहिले ते तिच्याशी एकदा मोकळेपणाने बोलून ठेवा. स्वतःच्या प्रयोगात मात्र पहिल्या दिवसापासून तारखेनिशी वही ठेवा आणि मृत्यू त्याच दिवशी लिहा. सरांशी बोलताना आरोपाचा सूर नको. "सर, गेल्या वेळी पहिल्या रात्री उंदीर गेले होते, या वेळी ग्लुकोजचे पाणी ठेवू का? आणि तरी काही गेले, तर समितीला कळवून त्यांची नोंद परिशिष्टात देऊ का? परीक्षकांनी विचारले तर उत्तर तयार राहील," असे विचारा आणि नंतर तेच ई-मेलने पाठवा. बहुतेक मार्गदर्शक इथे मान्य करतात. परीक्षक हा शब्द उपयोगी पडतो. नाहीच केले, तर समितीतील पशुवैद्यांना भेटा. बाहेर तक्रार करणे हे त्यानंतरचे पाऊल आहे. गुण ज्याच्या हातात आहेत त्याच्याशी वाद घालणे सोपे नसते, हे मी जाणतो. म्हणून एकटीने न जाता बरोबरीच्या एक-दोघांना घेऊन जा.

आईला सांगा, असे मी म्हणेन. तुमच्या घराला प्राण्यांकडून काम घेण्याचा आणि त्याचे ऋण मानण्याचा अनुभव आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे मळणाऱ्या घरात, जनावर आपल्यासाठी झिजते आणि त्याबद्दल आपल्यावर काही बंधने येतात, हे कोणी नव्याने शिकवावे लागत नाही. पुरणपोळीने वर्षभराच्या पराणीचा हिशेब मिटत नाही, हेही त्या घराला ठाऊक असते. आई कदाचित चिडेल, कदाचित रडेल, कदाचित नको म्हणेल. तिचे मत मान्य करण्याचे बंधन तुमच्यावर नाही. परंतु जे काम आईला सांगता येत नाही म्हणून लपवले जाते, त्याविषयी आपण स्वतःशीही हळूहळू खरे बोलेनासे होतो. तिने "मग त्यांना दुखतं का गं?" असे विचारले, तर उत्तर देता आले पाहिजे, आणि ते देण्यासाठी तुम्हाला वर लिहिलेली सगळी कामे करावी लागतील.

याच पेचात असलेल्या बी. फार्म.च्या मुलांनी एक माहीत करून घ्यावे की, त्यांच्या अभ्यासक्रमातील प्राण्यांवरची प्रात्यक्षिके आता संगणकीय सॉफ्टवेअर आणि चित्रफितींतून दाखवायची असतात. प्राणिशास्त्राच्या वर्गातील विच्छेदनाबाबतही विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ पासून असेच धोरण घेतले. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी भारतात २०१४ पासून बंद आहे, आणि नव्या औषधांच्या नियमांतही मार्च २०२३ च्या दुरुस्तीने प्राण्यांविना होणाऱ्या चाचण्यांना वाट मिळाली आहे. जुन्या पाठ्यपुस्तकांत अजूनही निम्मे प्राणी मरतील अशी मात्रा शोधण्याची पद्धत शिकवतात. रसायनांच्या चाचणीपद्धती ठरवून देणाऱ्या 'ओईसीडी' या आंतरराष्ट्रीय संघटनेने ती चाचणी आपल्या यादीतून २००२ मध्येच काढून टाकली.

आणि धुळे, नंदुरबार, जळगाव भागातील जे वकील, प्राध्यापक, गोशाळा-पांजरापोळांचे कार्यकर्ते अशा समित्यांवर विज्ञानाबाहेरचे सदस्य म्हणून बसतात, त्यांना एक विनंती आहे. आपल्याला यातले काय कळते, असे म्हणून सही करू नका. हा प्रयोग आधी कोणी केला आहे का, एवढेच उंदीर का, मागच्या वर्षी मंजूर केलेल्यांपैकी किती प्रयोग संपण्याआधीच मेले आणि कशाने, हे विचारायला औषधशास्त्राची पदवी लागत नाही. बैठक चहावर संपवण्याआधी पशुगृह पाहून या, आणि वर्षातून एकदा तरी ती पाहणी मे महिन्यात ठेवा.